गरोदरपणात शुगर होती, आता मुलीची काळजी वाटते. मदत हवी आहे

नमस्कार. बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, आज लिहितेच.

९ वर्षांपूर्वी, लेकीच्या वेळी, २६व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन तपासणी झाली आणि शुगर निघाली. आधी पथ्य, मग सातव्या महिन्यापासून इन्सुलिन. लेक जन्मली ३.९ किलोची. सगळे "केवढी गुटगुटीत" म्हणत होते, पण काही तासांतच तिची शुगर उतरली. दोन दिवस सारखं टाचेला टोचून रक्त बघत होते. ती इवलीशी टाच आणि त्यावर दाबून धरलेला कापूस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पुढे सगळं सुरळीत झालं, माझी शुगरही उतरली आणि तो विषय मागे पडला.

गेल्या दोन वर्षांत तिचं वजन भराभर वाढलंय. त्यात मानेवर मागे काळसर पट्टा आलाय. मळ समजून मी रोज आंघोळीच्या वेळी घासत होते. परवा ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, दुखतंय गं, आणि ते जातच नाहीये."

माझ्या शुगरमुळे तिला पुढे मधुमेह होईल का? कोणत्या तपासण्या करू? आणि हे माझ्यामुळे झालं का? नुसतं "काही होत नाही" म्हणू नका, प्लीज.

प्रतिसाद

ताई, आधी मान घासणं थांबवा. तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की इन्सुलिन जास्त तयार होतं, आणि मानेची, काखेची कातडी जाडसर, काळपट होते. म्हणजे मधुमेह झालाच असं नाही, पण बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. मी आहारतज्ज्ञ आहे, अशी मुलं नेहमी बघते.

जन्मल्यावर शुगर का उतरली? आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं. नाळ कापली की साखर बंद होते, वाढलेलं इन्सुलिन मात्र काही काळ तसंच राहतं.

आता मोठा प्रश्न. 'हॅपो' नावाच्या अनेक देशांतल्या अभ्यासात १० ते १४ वर्षांची मुलं तपासली. आईला गरोदरपणी मधुमेह होता त्यांच्यात ग्लुकोज प्यायल्यावर साखर वाढलेली राहण्याचं प्रमाण १०.६ टक्के, बाकीच्यांत ५ टक्के. धोका दुप्पट, हे खरंच आहे. पण बहुतेक मुलांत तो दोष नव्हता. शिवाय त्या आयांवर उपचारच झाले नव्हते, तुम्ही इन्सुलिन घेतलं होतं.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या पिमा समाजात सख्ख्या भावंडांची तुलना झाली. आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्यांना, आधी जन्मलेल्या भावंडांपेक्षा मधुमेह जास्त झाला. आईबाप तेच, म्हणजे गर्भातल्या साखरेचा वाटा नाकारता येत नाही. पण ती साखर तुम्ही ओढवून घेतली नव्हती. वारेतल्या हार्मोन्समुळे इन्सुलिनचा प्रभाव प्रत्येकच गरोदर बाईत कमी होतो, काहींचं स्वादुपिंड तेवढी भरपाई करू शकत नाही. दोष कसला घेता?

वजन जास्त आणि आईला गरोदरपणी शुगर, अशा मुलांची तपासणी १०व्या वर्षी किंवा वयात येऊ लागताच, जे आधी होईल तेव्हा, सुरू करतात. मानेवरचा पट्टा पाहता वाढदिवसाची वाट बघू नका. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) याबद्दल विचारा, रक्तदाबही बघून घ्या.

आणि एक विचारू? बाळंतपणानंतर तुम्ही स्वतःची तपासणी कधी केलीत? ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा ग्लुकोज पिऊन बघायचं असतं, आणि नंतर दर १ ते ३ वर्षांनी. गरोदरपणी शुगर झालेल्या बायकांना पुढे टाइप २ मधुमेहाचा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

प्रतिसाद

माझ्या मुलाचंही असंच होतं. त्याच्यासमोर वजनाचा विषय काढणं बंद केलं, घरातल्या सगळ्यांनीच जेवण बदललं आणि संध्याकाळी सगळेच चालायला जाऊ लागलो. एकट्या लेकीला पथ्यावर बसवू नका हो.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. ९ वर्षांत माझी एकदाही तपासणी झालेली नाही, कुणी विचारलंच नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. शनिवारी सकाळी दोघींचं रक्त द्यायची वेळ घेतलीय. आधी मी हात पुढे करणार आहे, म्हणजे ती घाबरणार नाही. आणि आज मानेला नुसतं हळूच तेल लावलं.