एकाच खड्ड्यात इतकी हाडं जमतात कशी?

कुतूहल_१:
अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या नॅचरल ट्रॅप केव्ह या गुहेबद्दल वाचत होतो. वरून बघितलं तर जमिनीत नुसतं भोक, आणि खाली जवळपास २५ मीटरवर घोडे, उंट, लांडगे, अमेरिकन चित्ता अशा सगळ्यांची हाडं. हे सगळे एकदम पडले का? पूरबीर आला असेल?

चुनखडी:
एकदम कशाला, सावकाश. तिथला खडक चुनखडीचा आहे, पावसाचं पाणी जरासं आम्लधर्मी असतं, ते भेगांतून मुरत मुरत खडक विरघळवतं, आत पोकळी वाढत जाते आणि कधीतरी छत ढासळतं. म्हणून तोंड लहान, पोट मोठं, घंटेसारखा आकार, पडला तो पडला, वर चढायला भिंतच नाही. आता साधा हिशोब करा, दहा वर्षांत एक प्राणी जरी पडला तरी ३०,००० वर्षांत ३,००० होतात. पूर हवाच कशाला? शिवाय आत थंडगार, त्यामुळे हाडांत डीएनएसुद्धा टिकलाय.

पोकळी:
पण शिकारी प्राण्याने ओढून आणली नसतील कशावरून?

चुनखडी:
तसं असतं तर बऱ्याच हाडांवर दातांच्या खुणा दिसल्या असत्या. आणि तोंडाच्या बरोबर खाली माती-दगडांचा शंकूसारखा ढीग होतो, त्याचे थर चहूबाजूंनी उतरते असतात. सपाट समजून खणलं की एकाच पातळीत वेगवेगळ्या काळातली हाडं हाताला येतात आणि सगळा घोळ.

गाळ_गोळा:
प्राणी अडकवणारे सगळे सापळे सारखे नसतात बरं का. माद्रिदजवळच्या बाताल्योनेस-१ या जीवाश्मांच्या जागी सस्तन प्राण्यांची जवळपास सगळी हाडं मांसाहारींची! आधी पडलेल्याच्या मांसाचा वास, त्यामागे दुसरा आत. लॉस एंजेलिसमधल्या ला ब्रेआच्या नैसर्गिक डांबरातही तेच, आणि ते डांबर काही खोल तळं नव्हतं, उथळ थरातसुद्धा पाय रुतून बसायचे.
माझं आवडतं मात्र साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्ज. कोसळलेल्या विवरात झऱ्याचं कोमट पाणी, काठ निसरड्या तांबड्या शेलचे, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाचे. ६० च्या वर मॅमथ सापडलेत, बहुतेक तरुण नर. नंतर विवर गाळाने भरलं, भोवतालचा मऊ शेल झिजून गेला, भरलेला गाळ तेवढा उरला.

कुतूहल_१:
म्हणजे खड्ड्याची टेकडी झाली??

गाळ_गोळा:
हो ना! १९७४ मध्ये घरं बांधायला ती टेकडीच सपाट करत होते, तेव्हा हाडं निघाली.