मदत हवी आहे: उपकारस्तुती आणि मृतांचे स्मरण एकाच उपासनेत?

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लहान, रविवारी जेमतेम तीस माणसं. पाळकसाहेबांकडे तीन मंडळ्या असल्यामुळे ते महिन्यातून एकदाच येतात, बाकीचे रविवार आम्हीच सांभाळतो. शरदात सगळं एकदम अंगावर येतं: हंगामाची उपकारस्तुती (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याची उपासना), 1 नोव्हेंबरचा सकल संतांचा सण, 2 तारखेला मृतांचं स्मरण, आणि 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांमध्ये येणाऱ्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, सुरूच. पेटी वाजवणारी एकच, तीही परीक्षेच्या गडबडीत!

यंदा उपकारस्तुती आणि स्मरण एकाच उपासनेत घ्यावं, असं काहींचं म्हणणं आहे. मला ते जरा खटकतं. आधी 65 वं स्तोत्र, बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातलं प्रथमफळांचं (देवाला वाहिलेल्या पहिल्या पिकाचं) वाचन, वेदीपुढे धान्याच्या टोपल्या. आणि लगेच मेणबत्त्या लावून नावं वाचायची? सूर कसा बदलायचा?

नावांचीही अडचण आहेच. यादी एका जुन्या वहीत, तीन वेगवेगळ्या अक्षरांत. गेल्या वर्षी माझ्याच हातून एका बाईचं नाव सुटलं. तिची मुलगी तिसऱ्या बाकावर न पेटवलेली मेणबत्ती शेवटपर्यंत हातात धरून बसली होती. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तुमच्याकडे दोन्ही एकत्र केलंय का कुणी? क्रम कसा ठेवला? आणि नावं आधी गोळा करता की उपासनेतच लोकांना उच्चारू देता?