शाळेच्या ग्रंथालयाला कुलूप आहे, पालक म्हणून काय करता येईल?

आठवीची_आई

मुलगी अनुदानित माध्यमिक शाळेत आहे. ग्रंथपाल बाई निवृत्त झाल्या, जागा भरलीच नाही. चार्ज एका भाषेच्या सरांकडे दिलाय, आणि त्यांना स्वतःच्या तासांतून मान वर करायला फुरसत नाही. कपाटं काचेची, त्यामुळे पुस्तकं दिसतात तेवढी. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला सगळी बाहेर मांडली, फोटो काढले, परत आत गेली. आता त्या खोलीत संगणक कक्ष करायचं चाललंय. शनिवारी पालक-शिक्षक संघाची सभा आहे. बाकीचे पालक म्हणतात, हल्ली मोबाईलवर सगळं मिळतं. त्यांना काय सांगू?

साधा_माणूस

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. धूळ खात पडलेल्या पुस्तकांपेक्षा संगणक बरे. पोरं तरी वापरतील.

निवृत्त_ग्रंथपाल

ताई, मी अशाच शाळेत नोकरी केली, सांगलीकडे, ऊसपट्ट्यात. आधी त्या कुलपाचं सांगते. ते आळसामुळे नसतं, भीतीमुळे असतं. चार्ज घेताना सरांनी दाखल नोंदवहीतल्या (शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात नोंदवतात ती वही) सगळ्या पुस्तकांवर सही केलेली असते. उद्या एक हरवलं तर तपासणीत उत्तर त्यांनी द्यायचं. मग कोण कशाला हात सैल सोडेल? त्यांच्यावर खेकसू नका, त्यांना कागद मिळवून द्या. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७, नियम २१५) स्पष्ट म्हटलंय की वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे ५ हरवली तर ते वाजवी समजावं, अट एवढीच की त्यामागे बेइमानी किंवा निष्काळजीपणा नसावा. चौकशी लागते ती १००० रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची. हा नियम तुमच्या शाळेला थेट लागू नाही, पण त्याच धर्तीवर ठराव करून घ्या आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. किल्ली आपोआप खणातून बाहेर येते.

आता मोबाईलचं. आमच्याकडे आठवीला 'परिसरातील कीड' असा प्रकल्प होता. एक पोरगा नेट-कॅफेतून रंगीत प्रिंट घेऊन आला, कपाशीवरच्या बोंडअळीची. गावात कपाशीचं एक झाड नाही! मी म्हटलं, तुझ्या बापाच्या उसाला काय लागतं? म्हणाला, हुमणी. मग त्याला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी (शेतीच्या माहितीची पुस्तिका) दिली आणि कीटकांवरचं एक जुनं पुस्तक दिलं. पान मी काढून दिलं नाही, मागची सूची उघडून 'ह' शोधायला लावला. त्याला सूची नावाचा प्रकार असतो हेच ठाऊक नव्हतं. बसला शोधत, मधल्या सुट्टीतला डबाही तिथेच खाल्ला (नियमात बसत नाही, पण मी बघितलं नाही).

उसाची मुळं खाणारी ती पांढरी अळी आणि पहिल्या वळवानंतर तिन्हीसांजेला झाडावर गोळा होणारे भुंगेरे ही एकाच किड्याची दोन रूपं, हे त्याला तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर. "बाई, यात कडुनिंब लिहिलाय. आमच्यात बाभळीवर बसतात. पुस्तक चुकलंय." मी म्हटलं, दुसरं उघड. दुसऱ्यात दोन्ही झाडं होती. त्यानं प्रकल्पात दोन्ही लिहिली आणि पुढे 'आमच्या बांधावर बाभूळ' असं जोडलं. छापलेल्याला प्रश्न विचारायचा आणि मग ताडून बघायचं, हे त्याला जमलं. साधा_माणूस, संगणकावर बसवलं तरी त्या पोराला बोंडअळीच मिळणार. शेजारी कुणी विचारणारं हवं ना, तुझ्या उसाला काय लागतं म्हणून.

ग्रंथपालाचं काम ते. बाकी देवघेव काय, कारकूनही करेल.

वाडीवरचे_गुरुजी

बाईंना नमस्कार. आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा, ग्रंथपाल कुठला! शिक्षण हक्क कायदा २००९ ची अनुसूची वाचा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा. वरच्या वर्गांना शंभरावर पट असेल तर कला, आरोग्य, कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे. ग्रंथपालाचं नाव नाही. म्हणजे पुस्तकं आपोआप वाचली जातात अशी समजूत असावी.

आम्ही व्हरांड्यात सुतळी बांधून पुस्तकं वाळवणासारखी टाकलीत, मुखपृष्ठ बाहेर. कणा बघून पहिलीचं पोर पुस्तक उचलत नाही. देवघेवीची वही चौथीच्या दोघी सांभाळतात, माझ्यापेक्षा कडक आहेत. नवं काही हवं असेल तर स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापायला परवानगी आहे. बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंकही त्यांच्या संकेतस्थळावर आहेत.

आठवीची_आई

ठरावाचं डोक्यातच नव्हतं, शनिवारी तेच मांडते. पण मुख्याध्यापक म्हणतात, आधी निर्लेखन करून (जुनी पुस्तकं नोंदवहीतून कमी करून) जागा मोकळी करू, बरीच पुस्तकं जुनी आहेत.

निवृत्त_ग्रंथपाल

निर्लेखनाला हरकत घेऊ नका, ते व्हायलाच हवं. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाइडं, वाळवी लागलेली, एकाच पुस्तकाच्या वीस-वीस प्रती, जाऊ देत. पण यादी सभेत वाचून दाखवायला सांगा. मासिकांचे बांधीव अंक, शब्दकोश, विश्वकोशाचे खंड आणि जिल्ह्यावरचं काहीही त्यात दिसलं तर तिथेच थांबवा. रद्दीवाला वजनावर घेतो, त्यामुळे जाडजूड पुस्तकं आधी उचलली जातात. आणि संगणक येत असतील तर येऊ द्या, त्याच खोलीत, कपाटांना लागून ठेवायला सांगा. नवीन ग्रंथपाल अर्धवेळ मिळेल की पूर्णवेळ हे पटावर ठरतं, तेव्हा या वर्षीचा पट किती ते सभेआधी कार्यालयात विचारून ठेवा.