एल-वनला शिव्या घालणं थांबवा, एस्टिमेट आणि अटी कोण लिहितं ते बघा

पाटावरचं_पाणी

परवा एक पोस्ट वाचली. तिचं म्हणणं एवढंच: सरकारी कामं रद्दी होतात कारण सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम द्यावं लागतं, यालाच एल-वन म्हणतात. म्हणून एल-वन रद्द करा आणि खासगी कंपन्यांसारखं चांगला ठेकेदार निवडायचं स्वातंत्र्य अधिकाऱ्याला द्या. खाली सगळे 'सहमत, सहमत' करत होते. मला संताप आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्वांत स्वस्त ते घ्या, असं नियम कुठेही सांगत नाही. आधी निविदेचं पहिलं पाकीट उघडतं. अनुभव, उलाढाल, नमुना, स्पेसिफिकेशन सगळं त्यात. जे त्यातून उतरतात त्यांचंच दुसरं, दराचं पाकीट उघडायचं आणि त्यांच्यातला कमी दर घ्यायचा. रद्दी माल दुसऱ्या पाकिटापर्यंत पोचला असेल तर पहिलं उघडणाऱ्यांनी तो पोचू दिला. किंवा स्पेसिफिकेशनच इतकं ढिसाळ होतं की त्यात काहीही बसलं असतं.

आता 'स्वातंत्र्य'. खासगी मालक स्वतःच्या पैशाने खरेदी करतो. सरकारला ती मुभा का नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्येच रमणा शेट्टी खटल्यात सांगून ठेवलंय. मुंबई विमानतळावरचं उपाहारगृह चालवायला द्यायचं होतं. अट होती नोंदणीकृत हॉटेलचालक आणि पाच वर्षांचा अनुभव. काम मिळालं कॅन्टीन चालवणाऱ्याला. न्यायालय म्हणालं, स्वतः घातलेली अट तुमच्यावर बंधनकारक आहे, राज्यघटनेचं समानतेचं कलम १४ तुम्हाला मनाला येईल त्याला देऊ देत नाही. (दाद मागणारा उशिरा आला म्हणून त्याच्या हाती काही लागलं नाही, तत्त्व मात्र राहिलं.)

आणि मोकळीक दिली की काय होतं? १३ फेब्रुवारी २०१५. राज्याच्या महिला व बालविकास खात्याचे एका दिवसात २४ शासन निर्णय, २०६ कोटींची खरेदी, तीही निविदा न काढता दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दरांवर. त्यातली अंगणवाडीच्या मुलांची चिक्की सगळ्यांना आठवत असेल. एसीबीला (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला) पुढे त्यात गुन्हा सापडला नाही, हेही लिहितो. पण स्पर्धा झाली नाही, त्यामुळे तो दर योग्य होता का हे आता कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

तामिळनाडूने १९९८ मध्ये खरेदीचा कायदा केला, कर्नाटकने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये. केंद्राचं २०१२ चं विधेयक लोकसभेबरोबर संपलं. आपल्याकडे महाराष्ट्रात १ डिसेंबर २०१६ ची नियमपुस्तिका आहे, म्हणजे एक शासन निर्णय. तो दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो, आणि बदलतात. कायदा बदलायचा तर विधिमंडळात उभं राहून कारण द्यावं लागतं. भांडायचंच असेल तर यासाठी भांडा.

मोजमाप_पुस्तक

पाणीसाहेब, पहिलं पाकीट उघडायला तुम्ही कधी बसलाय का? मी बसतो. एकाला अपात्र केलं की त्याच संध्याकाळी फोन सुरू. दुसऱ्या दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज, आठवड्यात तक्रार, मग कोर्टाची पायरी. काम लांबलं की नोटीस ठेकेदाराला नाही, मला. कमी दराला दिलं तर ऑडिट काही विचारत नाही. जास्त दराचा चांगला माणूस घेतला तर निवृत्तीनंतरही चौकशी पाठ सोडत नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल ते सांगा.

आणि बिलो टेंडर, म्हणजे एस्टिमेटपेक्षा कमी दराची निविदा? डीएसआरवर (सरकारी दरसूचीवर) एस्टिमेट केलंय, सिमेंट-स्टीलचा भाव सगळ्यांना एकच, आणि एक जण येऊन २५ टक्के बिलो भरतो. जादा सुरक्षा ठेव घेतो आम्ही, तरी भरतो. हे २५ टक्के डांबरातूनच निघणार. दिल्लीला हे कळलंय. २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत अर्थ मंत्रालयाने कामांसाठी गुणवत्तेला ३० टक्क्यांपर्यंत वजन द्यायची मुभा दिली. तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

पाटावरचं_पाणी

मुद्दाम नाही केला, कारण ती मुभा सरसकट नाही. काम गुणवत्ताप्रधान असल्याचं वरिष्ठांनी आधी जाहीर करावं लागतं, आणि वस्तूंच्या खरेदीला ती लागूच नाही. शिवाय ते ३० टक्के गुण देणार कोण? तीच समिती, जी तुमच्याच म्हणण्याप्रमाणे एका फोनने हलते.

२५ टक्के बिलो परवडतं याची दोनच कारणं मला दिसतात. एस्टिमेट फुगलेलं असतं, नाहीतर न झालेलं काम एमबीत (मोजमाप पुस्तकात) चढतं. एस्टिमेट कोण करतं? एमबी कोण लिहितं?

मोजमाप_पुस्तक

सरळ चोर म्हणा की. वीस किलोमीटरच्या रस्त्याला एक कनिष्ठ अभियंता, त्याच्याकडे आणखी तीन योजना, आणि तुम्ही घरात बसून एमबीची चौकशी करताय.

रक्तगट_ओ

दोघेही थांबा जरा. मी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे हातमोजे आले ते चढवतानाच फाटायचे. एका हातात दोन-दोन घालून रक्त काढायचो. निविदेचा कागद मागवला तर त्यात लिहिलं होतं 'लेटेक्स हातमोजे, उत्तम प्रतीचे'. जाडी नाही, मानक नाही, बॅच तपासणी नाही. 'उत्तम' न ठरवता दर मागितल्यावर आणखी काय येणार? इथपर्यंत पाणी यांचं बरोबर आहे.

पण उलटाही प्रकार बघितलाय. एका यंत्राचं स्पेसिफिकेशन असं की ते एकाच कंपनीच्या माहितीपत्रकातून शब्दशः उचललेलं. यंत्र आलं एल-वनने, अगदी स्वस्तात. मग कळलं की त्यात त्याच कंपनीचं रिएजंट (चाचणीचं रसायन) चालतं. पुढे दर वर्षी रिएजंटची खरेदी 'एकमेव उत्पादक' या दाखल्यावर, निविदेशिवाय. कंपनीने खरी कमाई तिथे केली. यंत्राचा दर तुलना करताना पाच वर्षांच्या रिएजंटचा खर्च त्यात धरला असता तर तीच कंपनी शेवटी आली असती. नियम पाळूनच हे झालं. तेव्हा 'पद्धत निर्दोष, माणसं वाईट' हे मला मान्य नाही.

तिसरं_कोटेशन

दर, दर, दर! बिलाबद्दल कोणी बोलेल का?

माझा फर्निचरचा छोटा कारखाना आहे. एका नगरपरिषदेला शाळेचे बाक दिले. सागवान नाही, पण पाइप जाड, वेल्डिंग पक्कं. आजही ते बाक वापरात आहेत. बिलासाठी गेलो की 'निधी आला नाही'. मग 'साहेब रजेवर', मग 'साहेब बदलले', मग नव्या साहेबांना फाइल सापडेना. बँकेचं व्याज माझ्या खिशातून. शेवटी बायकोच्या दागिन्यांवर कर्ज काढून कामगारांची दिवाळी केली. आता सरकारी निविदा भरायचीच झाली तर वर्षभराचं व्याज दरात धरून भरतो, म्हणून हरतो. जिंकतो तो, ज्याला बिल काढून घेता येतं. चांगला माणूस एल-वनमुळे नाही गेला, उधारीमुळे गेला.

कलम_पंधरा

दादा, तुमच्यासाठी कायदा आहे. लघुउद्योगांसाठीचा एमएसएमई कायदा २००६, कलम १५: बिल फार तर ४५ दिवसांत द्यायचं. त्यापुढे कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज करा. निवाडा विरोधात गेला तर कार्यालयाला ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय आव्हानही देता येत नाही. लोक अर्जच करत नाहीत आणि मग रडतात.

तिसरं_कोटेशन

'रडतात' हा शब्द मागे घ्या. अर्ज केला तर पुढच्या निविदेत लागणारा 'काम समाधानकारक' हा दाखला कोण देणार? तेच कार्यालय. एका तालुक्यात खरेदी करणारी कार्यालयं किती असतात? सगळे साहेब एकमेकांना ओळखतात.

मोजमाप_पुस्तक

आणि बांधकामवाल्यांना तो कायदा मिळतही नाही. कामांचे ठेके त्यात येत नाहीत असं मुंबई उच्च न्यायालयानेच म्हटलंय. थकीत बिलांसाठी २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार रस्त्यावर उतरले, जलजीवनच्या नळपाणी योजनांची कामं अर्धवट पडली, ती काय हौस म्हणून?

आतली गोष्ट सांगतो. तरतूद असते थोडी, प्रशासकीय मान्यता दिल्या जातात तिच्या कितीतरी पट. नारळ फोडायला सगळे येतात. मार्चमध्ये जो निधी येतो तो मी सगळ्यांत थोडा थोडा वाटतो. कोणाचंच बिल पूर्ण होत नाही.

सुबेअ_२००९

इथे सगळे खुल्या निविदांवरच बोलतायत. आमच्या वाट्याची छोटी कामं ३३:३३:३४ ने वाटली जातात. बेरोजगार अभियंते, मजूर संस्था आणि उरलेली खुली. मजूर संस्थांच्या यादीत खरा मजूर दाखवा. बंगलेवाले सभासद आहेत. तिथे ना एल-वन ना एल-टू, आणि त्यावर एक अक्षर नाही.

कलम_पंधरा

मुद्दा खरा आहे, पण त्याला स्वतंत्र धागा हवा. इथे आणलात तर थकीत बिलांचं बोलणं बुडेल.

सुबेअ_२००९

आमचं नेहमी स्वतंत्र धाग्यातच जातं.

तिसरं_कोटेशन

मोजमापसाहेब, 'थोडं थोडं वाटतो' म्हणालात. त्यात आधी कोणाला आणि जास्त कोणाला, हे कशावर ठरतं? बिलाच्या तारखेवर? माझ्यानंतर माल दिलेल्याचं बिल माझ्या आधी निघालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

मोजमाप_पुस्तक

माझ्या कार्यालयात पाहिलंत का? पुरावा असेल तर द्या, नसेल तर सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्याकडे तारखेप्रमाणे रजिस्टर आहे. वरून चिठ्ठी आली की ते रजिस्टर बाजूला पडतं, हे मी नाकारत नाही. चिठ्ठीवर सही नसते.

पाटावरचं_पाणी

तिसरं कोटेशन यांचं एक वाक्य मानावंच लागेल. बिल कधी मिळणार याची खात्री नसेल तर निविदा कितीही स्वच्छ असो, तिच्यात चांगली माणसं येणार नाहीत. पण यातून एल-वन दोषी ठरत नाही. उशिरा पैसे देणारं कार्यालय गुणवत्तेवर निवड करायला लागलं तरी भरायला येणार तेच, ज्यांना बिल काढता येतं. केंद्राच्या त्याच २०२१ च्या सूचनांत चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम १० कामाच्या दिवसांत द्या असं आहे. मोजमापसाहेबांनी ३० टक्के उचलले, हे ७५ सोडले. राज्यावर त्या सूचना बंधनकारक नाहीत, म्हणून तर कायदा मागतोय.

मोजमाप_पुस्तक

सोडले नाहीत. माझ्या हातात नसलेल्या पैशाचं वचन मी कसं देऊ?

कायदा करा, माझी हरकत नाही. पण पहिलं कलम असं हवं: तेवढा निधी खात्यात असल्याशिवाय निविदा काढता येणार नाही. आणि दुसरं, अपात्र केल्याची कारणं मी लेखी दिली असतील तर पुढची लढाई अपिलात व्हावी, माझ्या विभागीय चौकशीत नाही. तामिळनाडू-कर्नाटकच्या कायद्यांत अपिलाची सोय आहे, तेवढी तरी उचला.

पाटावरचं_पाणी

दोन्ही मान्य. माझं तिसरं कलम: प्रत्येक बिल कधी आलं आणि कधी दिलं, दोन्ही तारखा संकेतस्थळावर. चिठ्ठी आली तरी यादीत दिसेल.

मोजमाप_पुस्तक

यादी लावली की पहिली बदली माझी होईल. तरीही लावा.

तिसरं_कोटेशन

लावा. माझं बिल नावासकट टाका.

रक्तगट_ओ

चौथं माझं. यंत्राचा दर रिएजंटसकट पाच वर्षांचा मागायचा. आणि वापरणाऱ्या माणसाची सही स्पेसिफिकेशनवर हवी. आमच्याकडे भांडारपाल ते लिहितो, त्याने कधी रक्त काढलेलं नाही.

कलम_पंधरा

यावर मात्र वाद आहे. वापरणाऱ्याची सही सक्तीची केली की माहितीपत्रक घेऊन कंपनीचा माणूस थेट तुमच्याच प्रयोगशाळेत येऊन बसेल.

रक्तगट_ओ

तो आजही येतो, भांडारपालाकडे. माझ्याकडे आला तर निदान हातमोजा ओढून बघेन.