शब्दचर्चा: महाल 'उपनगर' कसं होईल भाऊ? नकाशातल्या सबर्ब-क्वार्टर-नेबरहुडला मराठी शब्द सुचवा

महालकर:
ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या इंटरनेटवरच्या नकाशावर, नागपूरचे मोहल्ले भरून राहिलो आहे आणि शब्दांवरच गाडी अडली. तिथं शहराच्या आतल्या भागांना तीन पायऱ्या आहेत, वर सबर्ब, मधात क्वार्टर, खाली नेबरहुड. सबर्बला डोळे मिटून 'उपनगर' लिहून मोकळं होतात लोकं, आता तुम्हीच सांगा, महाल उपनगर? भोसल्यांचा वाडा जिथं, जिथून शहर वाढलं, ते उपनगर तर मग शहराच्या काठावरचं बेसा काय? मराठीत उपनगर म्हटलं की माणूस गावाबाहेर पाहतो. नकाशातल्या सबर्बचा तसा अर्थच नाही, शहराचा मोठा, सगळ्यांना नावानं माहीत असलेला भाग एवढंच, तो मधोमध असो की काठावर. क्वार्टरचं तर विचारूच नका, आपल्याकडे क्वार्टर म्हणजे एकतर रेल्वेची नाहीतर दारूची.

त्रिमूर्तीनगरवाली:
दादा, उपनगर काढाच. नुसतं 'भाग' चालेल की. "कोणत्या भागात राहता?" असंच विचारतो ना आपण, आणि उत्तर येतं सदर, धंतोली, लकडगंज, मानेवाडा. पुढचा प्रश्न "कोणत्या लेआउटमध्ये". पुण्याच्या माणसाला लेआउट म्हटलं तर त्याला वाटते घराचा आराखडा दाखवून राहिले, इथं मात्र लोकं त्यात राहतात, वर्मा लेआउट, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट. लेआउट मंजूर करणाऱ्या नागपूर सुधार प्रन्यासच्या कागदावर 'अभिन्यास' असते, पण अभिन्यासात राहतो म्हणणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. म्हणून माझं मत, खालच्या पायरीला लेआउट म्हणा.

महालकर:
ताई, भाग पटलं. लेआउट नवीन नागपुराला ठीक आहे, पण चिटणवीसपुऱ्याला लेआउट कसं म्हणू? जुन्या शहरात मोहल्लाच म्हणतात. कुणीतरी 'वस्ती' सुचवलं होतं, ते मला बिलकुल नको. एक तर शेतातल्या चार घरांनाही वस्ती म्हणतात आणि नकाशात त्याच्यासाठी हॅम्लेट (वाडी) हा प्रकार वेगळा आहे, दुसरं म्हणजे इथं वस्ती म्हटलं की लोकांना झोपडपट्टीच वाटते, उगाच भांडणं होतील.

सातबारावाला:
शब्द नंतर ठरवा, आधी एक सांगतो, नावाच्या शेपटीवरून पायरी ठरवू नका राजेहो. पेठ आहे म्हणून वरची आणि नगर आहे म्हणून खालची, असं इथं चालत नाही. धरमपेठ केवढी मोठी, गोकुळपेठ तिला लागूनच आणि तिच्याहून लहान, शेपूट दोघींचं एकच. नगर तर गल्लीलाही लागते आणि अख्ख्या झोनलाही. महापालिकेचे १० झोन आहेत, त्यातला लक्ष्मीनगर झोन पार जयताळ्यापर्यंत जातो, म्हणून जयताळ्याचा माणूस लक्ष्मीनगरात राहतो का? मंगळवारीचं तर त्याहून भारी, मंगळवारी झोन सदर-जरीपटक्याकडे आणि जुनी मंगळवारी तिकडे पूर्वेला. झोन, प्रभाग ही प्रशासकीय हद्द, नकाशात तिचा टॅग, म्हणजे प्रकाराची खूण, वेगळी. २०१७ ला ३८ प्रभाग होते नि १५१ नगरसेवक, पण प्रभागाचा आकडा सांगून कुणी ऑटो केला आहे का? मौजाही, म्हणजे जमिनीच्या कागदावरचं गाव, तसाच. मनीष नगरच्या रजिस्ट्रीत मौजा सोमलवाडा आणि खसरा (जमिनीचा) नंबर असतो, म्हणून ऑटोवाल्याला सोमलवाडा म्हणाल तर तो भलतीकडेच उतरवेल.

त्रिमूर्तीनगरवाली:
ऑटोची कसोटी आवडली. बर्डीवर, म्हणजे मधोमध सीताबर्डीत, ऑटोवाल्यासमोर उभं राहून नुसतं नाव घ्यायचं, पुढं काही न विचारता तो निघाला तर तो भाग, "कोणाच्या बाजूनं?" विचारलं तर खालची पायरी.

महालकर:
कसोटी लावली तर खरे टाऊन खालीच येते, कारण "धरमपेठेतलं खरे टाऊन" असंच सांगावं लागते. आणि मी नकाशात पाहिलं तर कुणीतरी त्याला सबर्ब करून ठेवलं आहे! का करतात ते माहीत आहे, सबर्बचं नाव लांबूनच दिसते, नेबरहुडचं पार जवळ गेल्यावर, म्हणून प्रत्येकाला आपली कॉलनी सबर्ब पाहिजे. पण मोहल्ल्यांच्या हद्दी काढलेल्या नसतात, नुसते टिंब असतात, त्यामुळे पत्ता शोधणारं सॉफ्टवेअर घराला जवळचा सबर्बचा टिंब चिकटवते. झालं, धरमपेठेतल्या घराचा पत्ता 'खरे टाऊन, नागपूर', धरमपेठ गायब. पार्सलवाला फोन करून करून बेजार.

सातबारावाला:
तेच तर. टिंब खाली उतरवला की दोन्ही नावं येतील, खरे टाऊन, मग धरमपेठ. लेआउटची हद्द पक्की माहीत असली तर रहिवासी जमीन म्हणून चौकट काढा आणि तिलाच नाव द्या, ते जास्त बरं. आता शब्दाचं. मधल्या पायरीला 'पोटभाग' म्हणा. सातबाऱ्यात पोटहिस्सा असतोच, घरात पोटभाडेकरू असतो, कुणाला समजवावं लागणार नाही. वर भाग, मधात पोटभाग, खाली मोहल्ला. लेआउट, कॉलनी, टाऊन, पुरा हे नावात राहू द्या, पायरीचं नाव मोहल्लाच. आणि मधली पायरी भरलीच पाहिजे असंही नाही, लहान भागात भाग आणि मोहल्ला दोनच पुरतात.

त्रिमूर्तीनगरवाली:
पोटभागला माझं मत. मोहल्ला आमच्या सोसायटीतल्या काही काकूंना जरा खटकेल, त्यांना कॉलनी पाहिजे असते, पण त्याही भांडताना "साऱ्या मोहल्ल्यात सांगीन" असंच म्हणतात.

महालकर:
चला मग, इतवारीवर लावून पाहतो. इतवारी भाग, मस्कासाथ पोटभाग, रेशीम ओळी मोहल्ला. पण ओळी तर दुकानांची रांग आहे, रेशीम ओळी, लोहा ओळी, किराणा ओळी, हे रस्ते म्हणून दाखवायचे का मोहल्ले म्हणून?

सातबारावाला:
दोन्ही. रस्त्याच्या रेषेलाही तेच नाव द्या आणि मोहल्ल्याचा टिंब वेगळा ठेवा. रेशीम ओळीत दुकान आहे म्हणणाऱ्याचं दुकान कधीकधी बाजूच्या बोळात असते, तरी तो पत्ता रेशीम ओळीचाच सांगते आणि पोस्टमनला तो सापडतेही. इंग्रजी नावाच्या खान्यात 'रो' वगैरे भाषांतर करू नका, ओळीच लिहा.