मदत हवी आहे : बाबांचा जुना कॉम्प्युटर सुरू होतानाच पासवर्ड मागतोय

नमस्कार. सांगलीत आमचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, उरुसाची हँडबिलं, सगळं बाबा एकटे करायचे. २००३ साली घेतलेला त्यांचा कॉम्प्युटर आता मी माळ्यावरून खाली काढलाय. पेंटियम ४, इंटेलचाच ८४५ चिपसेटवाला मदरबोर्ड, ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची) हार्डडिस्क, विंडोज ९८. बाबा गेल्या वर्षी गेले.

आजी जात्यावर म्हणायची त्या ओव्या बाबांनी वह्यांमध्ये उतरवून घेतल्या होत्या. रात्री शटर ओढलं की तासभर बसून ते त्या पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, टाइप करायचे. वह्या २०१९ च्या महापुरात गेल्या. माळ्यापर्यंत पाणी चढलं नाही म्हणून हा कॉम्प्युटर राहिला. आजीच्या ओव्या आता फक्त त्यात आहेत.

बटण दाबलं की पंखा फिरतो, एक बीप येतो आणि काळ्या पडद्यावर पासवर्डची चौकट येते. विंडोजपर्यंत गाडी जातच नाही. तीनदा चुकलं की मशीन थांबतं, मेन स्विच बंद करून परत पहिल्यापासून. आईचं नाव, आमच्या जन्मतारखा, दुकानाचा फोन नंबर, सगळं घालून झालं. मग कुठेतरी वाचून मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल (सीआर२०३२) काढून रात्रभर बाजूला ठेवला. सकाळी तारीख मागे गेलेली, पासवर्ड मात्र तसाच!

इथल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला तर म्हणाला, "ताई, यात आता काही राहिलं नाही. फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवा घ्या." मी तसाच परत आणला. सेल काढूनही पासवर्ड कसा राहिला? आणि आतल्या फायलींना धक्का न लावता पुढे काय करता येईल?

प्रतिसाद १
ताई, फॉरमॅट करू दिला नाहीत हे फार बरं केलंत. तुम्हाला अडवतोय तो बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमचा पासवर्ड. तो मदरबोर्डवर असतो, हार्डडिस्कवर नाही. त्यामुळे फॉरमॅट मारूनही चौकट तशीच राहिली असती, ओव्या मात्र गेल्या असत्या.

आधी कॉम्प्युटरचा नाद सोडा आणि डिस्क बाहेर काढा. आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर घ्या, पण स्वतःचा पॉवर अॅडॉप्टर असलेलाच. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरणार नाही. डिस्कच्या मागचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) मास्टरवर ठेवा. विंडोज ९८ ची डिस्क बहुतेक फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, आजचा कुठलाही लॅपटॉप ती वाचतो. "फॉरमॅट करायचं का?" असं विचारलं तर नाही म्हणा. इतकी वर्षं पडून असलेली डिस्क पुनःपुन्हा चालू-बंद करू नका. पहिल्याच बैठकीत सगळी कॉपी करून घ्या.

प्रतिसाद २
सेलचं कोडं सोडवतो. बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर पासवर्ड सेलवर जगणाऱ्या सीमॉस मेमरीत असतो, सेल काढला की पुसला जातो. इंटेलच्या स्वतःच्या बोर्डांवर तो फ्लॅश चिपमध्ये असतो आणि तिला सेल लागत नाही.

तो पुसायचा तर बोर्डवर तीन पिनांचा कॉन्फिगरेशन जंपर शोधा. पॉवर केबल भिंतीतून काढा. जंपर १-२ वर असेल, तो २-३ वर लावा. पिना उघड्या सोडू नका, तो बायोस रिकव्हरीचा मार्ग आहे. आता चालू केलंत की थेट बायोसचा सेटअप उघडेल, त्यात मेंटेनन्स मेनू दिसेल. तिथे 'क्लिअर ऑल पासवर्ड्स' निवडा, एफ१० ने सेव्ह करा, बंद करा, जंपर पुन्हा १-२ वर.

प्रतिसाद ३
माझ्याकडे जुना थिंकपॅड लॅपटॉप असाच अडकलाय, त्यालाही हे चालेल का?

प्रतिसाद २
पॉवर-ऑन पासवर्ड असेल तर आतला छोटा सेल काढून जातो. सुपरवायझर (बायोसची सेटिंग्ज राखणारा) पासवर्ड वेगळ्या चिपवर असतो, सेल काढून काही होत नाही. कंपनीचं उत्तर एकच, मदरबोर्ड बदला.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. आधी डिस्क काढली. लॅपटॉपला जोडली तेव्हा हात थरथरत होते. 'ओवी' नावाचं फोल्डर आहे! सगळ्याची दोन ठिकाणी कॉपी केली.

पण फायली पी६५, म्हणजे पेजमेकर ६.५ च्या; आताच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये उघडतच नाहीत. एक मजकूर नोटपॅडमध्ये पाहिला तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बाबांचा फॉन्ट युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीचा, तो आणि पेजमेकर दोन्ही जुन्याच मशीनवर. म्हणून डिस्क परत लावून जंपरचं काम केलं. पिना सेलच्या जवळच सापडल्या. मेंटेनन्स मेनू आला, पासवर्ड पुसला, विंडोज ९८ चालू झालं.

पेजमेकरमध्ये पहिलं पान उघडलं आणि आईला हाक मारली. ती मोठ्याने वाचत गेली, दुसऱ्या ओळीपासून तिचा आवाज आजीच्या चालीवरच गेला.

आता एकच विचारायचंय. ही पानं जशीच्या तशी पीडीएफमध्ये कशी न्यायची?

प्रतिसाद १
पेजमेकरच्या प्रिंटमधून प्रिंटरऐवजी पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पान कसं छापायचं ते सांगणारी) फाइल लिहा, फॉन्ट सोबत घ्यायचा पर्याय चालू ठेवा. ती फाइल लॅपटॉपवर आणून घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने पीडीएफ करा. पेनड्राइव्हच्या भानगडीत पडू नका, ९८ ला त्याचा वेगळा ड्रायव्हर लागतो. डिस्क पुन्हा कन्व्हर्टरवर लावा.

धागाकर्ती
उद्या रविवार आहे, उद्याच बसते.