आईच्या खांद्याजवळचं हाड मोडलंय, प्लेट की सांधाबदल? लवकर सांगा

रानवारा: आई न्हाणीत घसरून पडली. दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलंय. इथले डॉक्टर म्हणतात प्लेट टाकू. मिरजेत दाखवलं तर म्हणाले सांधाच बदला, तोही रिव्हर्स. खर्चात खूप फरक आहे. उद्या सकाळी कळवायचंय. काय करू?

कृष्णाकाठ: प्लेटच टाका. माझ्या सासऱ्यांना टाकली, आता माळ्यावरचे डबेसुद्धा काढतात. सांधा बदलणं म्हणजे उगाच खर्च.

अस्थिवेध: आईंचं वय? तुकडे किती? दंडाच्या हाडाचा वरचा गोळा वाटीतून निखळलाय का? सीटी स्कॅन झाला का? एवढं कळल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

रानवारा: रिपोर्टवर फोर पार्ट लिहिलंय. सीटी झालाय. दोन्हीतलं कुठलं एवढंच सांगा ना.

सावित्री_ताई: माझ्या आत्याचा गुडघा बदलला, चार महिन्यांत पंढरपूरला जाऊन आली. सांधाबदलाला घाबरू नका.

माणदेशी: आमच्याकडे हाडवैद्य लेप लावून बांधतात. चिरफाड कशाला?

अस्थिवेध: माणदेशी, चार तुकडे झालेला खांदा चोळू-ओढू देऊ नका, शेजारीच हाताच्या नसा आणि रक्तवाहिन्या असतात. ताई, गुडघ्याचा हिशोब खांद्याला लागत नाही. रानवारा, वय?

रानवारा: ७४. शुगर आहे. गोळा जागेवर आहे म्हणाले.

अस्थिवेध: आता बोलता येईल. चार तुकडे म्हणजे गोळा, दोन उंचवटे आणि दांडा, सगळे सुटे. अशा वेळी गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. प्लेट बसवली तरी पुढे गोळा मरून खचू शकतो, आणि ठिसूळ हाडात स्क्रू गोळ्यातून सांध्यात घुसू शकतात. मग दुसरं ऑपरेशन. या वयात बरेच सर्जन रिव्हर्स सुचवतात ते यासाठी. त्यात गोळा खवाट्याच्या बाजूला आणि वाटी दंडाच्या बाजूला बसवतात. फ्रान्सच्या पॉल ग्रामाँ यांनी १९८५च्या सुमारास ही रचना आणली. खांदा फिरवणारे आतले स्नायू निकामी असले तरी खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलतो.

कृष्णाकाठ: मग सासऱ्यांचं कसं जमलं? तेही म्हातारेच.

अस्थिवेध: वय आणि तुकडे सांगा.

कृष्णाकाठ: ५८. तुकडे दोन. पण डॉक्टरांचा हात चांगला होता हे महत्त्वाचं!

अस्थिवेध: हात महत्त्वाचा, मान्य. पण दोन तुकडे आणि घट्ट हाड असेल तर प्लेट छान धरते. इथे तसं नाही.

मीरा_फिजिओ: तिसरा पर्याय कोणीच विचारला नाही: ऑपरेशनच न करणं. ब्रिटनमधल्या प्रॉफर चाचणीत (२०१५) असंच हाड मोडलेले २५० रुग्ण होते. ऑपरेशनवाले आणि नुसता हात झोळीत बांधलेले यांच्यात दोन वर्षांनी ठळक फरक दिसला नाही. वयस्कर माणसाला झोळी आणि व्यायामावर घरातली कामं जमण्याइतका हात पुष्कळदा मिळतो.

अस्थिवेध: बरोबर, पण त्यात चार तुकड्यांचे रुग्ण थोडेच होते, आणि ज्यांना ऑपरेशन हवंच असं सर्जनना स्पष्ट वाटलं त्यांना घेतलंच नव्हतं. तरी हा प्रश्न दोन्ही डॉक्टरांना विचाराच. आणि उद्याच ठरवायची घाई कोणाची आहे? जखम उघडी नसेल, हात गार पडला नसेल, तर साधारण दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन चालतं. तोवर शुगर ताब्यात आणा.

मीरा_फिजिओ: आणि बोटं, मनगट आत्तापासून हलवायला सांगा. कोपर डॉक्टरांना विचारून. झोपताना पाठीला उशा लावून अर्धवट बसतं ठेवा.

रानवारा: खाट उद्यापर्यंतच ठेवतो म्हणाले, म्हणून घाई. आई म्हणते दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटतंय. ते सुजेमुळे ना?

अस्थिवेध: हे आधी सांगायला हवं होतं. तिथली बधिरता म्हणजे डेल्टॉइडची नस दुखावलेली असू शकते. बहुतेकदा ती काही महिन्यांत सावरते, पण रिव्हर्स सांधा त्याच स्नायूवर चालतो. आजच दोघांनाही फोन करा, नस तपासून कागदावर नोंद करायला सांगा. त्याआधी कुठल्याच ऑपरेशनला होकार देऊ नका.

माणदेशी: खाट जाते तर जाऊ दे. मिरजेत खाटा मिळतात.

रानवारा: लावतो फोन. सीटीचे फोटो रात्री टाकतो.

अस्थिवेध: टाका. वरचं नाव झाकून.